हत्तीची पेटी, झोपडीची पेटी आणि आबांचा ओटीपी

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मागच्या दिवाळीत भाची पुण्याहून भंडाऱ्याला आली होती. ती नेमकं काय काम करते हे माझ्या बहिणीला गेल्या चार वर्षांत कोणालाच धड सांगता आलेलं नाही. "कॉम्प्युटरमधी आहे," एवढ्यावर ती भागवते. भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी थेट तिलाच विचारलं, "म्हणजे वेबसाइट बनवतेस का वो?"

भाची म्हणाली, "बनवणारे वेगळे असतात काकू. मी आधी ठरवते, कुठल्या पानावर काय असावं, बटण कुठं असावं, त्यावर काय लिहावं. आणि बनून झालं की एखाद्या माणसाच्या हातात देऊन शेजारी बसते. त्याला जमतं का, कुठं अडकतो, ते बघते."

"बसून पाहाचे पैसे देतात?" काकूंनी विचारलं. सगळे हसले, मीही हसलो.

या कामाला यूएक्स म्हणतात, यूजर एक्सपीरियन्स. वापरणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करून पान आखायचं. डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनीत असताना आपल्या हुद्द्यातच हा शब्द घातला, आणि तिथून तो जगभर गेला. पण मी बावीस-तेवीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. मला राहून राहून वाटत होतं, की हे काम आपल्या देशात त्याच्या चाळीस वर्षं आधीच झालेलं आहे. भंडाऱ्याच्या मातीत त्याची परीक्षाही झालेली आहे, एकदा नाही, दोनदा. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

१९५१ साल. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार १७ कोटींच्या वर, आणि शंभरातल्या ८५ लोकांना वाचता येत नव्हतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता, की ज्याला अक्षर ओळखत नाही त्याने आपला उमेदवार कसा निवडायचा? विलायतेत मतपत्रिकेवर नावं छापतात, मतदार खूण करतो. इथे ते चालणार नव्हतं. लोकांना आधी वाचायला शिकवा, मग मत द्या, असं म्हणणारेही होतेच. सेन यांनी उलटा रस्ता धरला. वाचावंच लागणार नाही अशी सोय केली.

प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. पेटीवर चित्र. बैलजोडी काँग्रेसची, हत्ती शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा. चित्रं मुद्दाम रोजच्या बघण्यातली. मतदाराच्या हातात कागद द्यायचा, त्यावर ना खूण करायची ना अंगठा. पडद्याआड जायचं, आपलं चित्र असलेल्या पेटीत कागद टाकायचा, बाहेर यायचं. एवढंच. त्यासाठी देशभरात वीस लाखांच्या वर लोखंडी पेट्या लागल्या. त्यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती उठून बसली. म्हणाली, "मामा, आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. माणसाला बदलायला जाऊ नका, पान बदला."

पण त्याच निवडणुकीत एक गोष्ट फसली. मतदार यादी करायला माणसं दारोदार गेली तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असं सांगितलं. तशी नोंद चालणार नाही असं सेन यांनी ठरवलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. ज्या राज्यांत हे जास्त घडलं त्यांत तेव्हाचा मध्य प्रदेशही होता. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि राज्याची राजधानी नागपूर होती, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. सेन यांची बाजू मला पटते. बाईला स्वतःच्या नावाने मत असावं हा आग्रह बरोबरच होता. पण रकान्यात काय लिहायचं हे ठरवणारा आणि घराच्या उंबऱ्यावर उभी असलेली बाई यांच्यात किती अंतर असतं, ते या २८ लाखांच्या आकड्यात दिसतं. पुढच्या निवडणुकीपर्यंत प्रयत्न करून बऱ्याच बायकांची नावं पुन्हा घातली गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दोन उमेदवारांच्या मतदारसंघाचं गणित. तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडून जायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागेवर. प्रत्येक मतदाराला दोन मतं, म्हणजे हातात दोन कागद. अट अशी, की दोन्ही कागद एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकायचे नाहीत. टाकले तर एकच मत धरायचं, दुसरं बाद.

१९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. त्या मतदारसंघात तब्बल ७४,३३३ मतं बाद ठरली. पराभव झाला त्याच्या कितीतरी पट हा आकडा. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी त्याविरुद्ध याचिका केली. मतं कुजवण्याचा प्रचार झाला, असा आक्षेप होता. यात किती लोकांनी ठरवून केलं आणि किती जण गोंधळून एकाच पेटीपाशी दोन्ही कागद टाकून आले, हे पेटी सांगू शकत नव्हती. चुकलेला माणूस आणि चुकवणारा माणूस, दोघांचा कागद एकाच गठ्ठ्यात गेला.

मग १९५४ चा मे महिना. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक, इथेही दोन जागा. राखीव जागेवर बाबासाहेब उभे, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, चिन्ह झोपडी. दोघांची युती. बाबासाहेबांनी उन्हातान्हात हा जिल्हा पालथा घातला. कार्यकर्त्यांनी त्यांना सुचवलं होतं, की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे आपलं गणित जमेल. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाने मत वाया घालवायला सांगायचं नसतं, म्हणून त्यांनी नकार दिला, ही आठवण आपल्याकडे जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली आहे. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठेक हजार मतांनी हरले.

भंडाऱ्याच्या माथी हा पराभव कायमचा लागला, आणि त्यावर राजकीय अंगाने भरपूर लिहून झालंय. जात, काँग्रेसचा जोर, युतीतली मतं वळली की नाही. ती कारणं आहेतच, मी ती नाकारत नाही. मला आज फक्त एवढंच सांगायचंय, की दोन कागद आणि चित्रांच्या पेट्यांची रांग, या मांडणीचाही त्यात हिस्सा होता. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ मध्ये कायद्याने बंद झाले, ते उगाच नाही.

कोणाला वाटेल मी कागदाच्या मांडणीला फार महत्त्व देतोय. तर २००० सालची अमेरिका बघा. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच परगण्यात मतपत्रिका अशी छापली, की नावं डाव्या-उजव्या दोन पानांवर आणि टोचायची भोकं मधल्या एका ओळीत. डाव्या पानावर अल गोर यांचं नाव दुसरं होतं, पण त्यांचं भोक तिसरं होतं. दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट बुकॅनन यांचं. हजारो लोक फसले. जॉर्ज बुश फ्लोरिडा ५३७ मतांनी जिंकले, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षपद ठरलं. मतपत्रिका ज्यांनी आखली त्यांचा हेतू चांगला होता. म्हाताऱ्या लोकांना दिसावं म्हणून अक्षर मोठं केलं, म्हणून नावं दोन पानांवर गेली. छापण्याआधी पाच-दहा म्हाताऱ्यांना हातात देऊन बघितली असती तर कळलं असतं.

आपल्याकडे १९६२ पर्यंत पेट्यांची रांग गेली आणि चिन्हं छापलेली एकच मतपत्रिका व शिक्का आला. १९८२ मध्ये केरळातल्या परावूरला पहिल्यांदा मशीन लावलं. आज आपण जे मशीन वापरतो त्याचं रूप आखण्यात मुंबईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा वाटा आहे. चिन्हाच्या पुढे निळं बटण, दाबलं की लाल दिवा, आणि लांब आवाज. तो 'पीं' आवाज आठवा. मत पडलं हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळतं, आणि ज्याला दिसत नाही त्यालाही. भाची म्हणते, तिच्या धंद्यात या एका आवाजावर अर्धा तास शिकवता येईल.

आणि याच मशीनची परीक्षा पुन्हा भंडाऱ्यातच झाली. २८ मे २०१८, भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक. नवतपा सुरू, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ठिकठिकाणी मतदान थांबलं. मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र बंद पडत होतं. शेवटी ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं. नंतर निवडणूक आयोगाने त्या यंत्रात बदल केले. जास्त उजेडाने आतला सेन्सर गडबडतो म्हणून त्यावर टोपण बसवलं, दमट हवेत नीट चालेल असा कागद घेतला. वातानुकूलित खोलीत उत्तम चालणारं यंत्र जिल्हा परिषद शाळेच्या खिडकीजवळ ठेवलं की काय होतं, हे आयोगाला कळायला आपला मे महिना लागला.

पण इथे एक गोष्ट बघा. यंत्र बंद पडलं ते सगळ्यांसमोर. केंद्रावर पक्षांचे एजंट होते, रांगेत माणसं होती, आम्ही पत्रकार होतो. तासाभरात बोंब झाली, दोन दिवसांत पुन्हा मतदान झालं. १९५२ मध्येही बाद झालेला कागद न्‌ कागद मोजला गेला, म्हणून तर ७४,३३३ हा आकडा आज सत्तर वर्षांनी मी लिहू शकतो.

आता मोबाईलकडे येतो.

मी २००३ साली डिप्लोमा करून कामाला लागलो तेव्हा बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देऊन नागपूरला पाठवायचो. मग ईमेल आला आणि नवीनच त्रास सुरू झाला. इथे एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं तिकडे किडे-मुंग्यांसारखं दिसायचं. प्रत्येक ऑफिसचा फॉन्ट वेगळा. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला होता, तो आखला होता प्रा. र. कृ. जोशी यांनी. तेही पवईच्या त्याच डिझाइन सेंटरमध्ये शिकवत होते. या माणसाचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही, पण कॉम्प्युटरवर मराठी वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने त्यांचं अक्षर वाचलेलं आहे. पुढे तिथल्याच अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने 'स्वरचक्र' कळफलक काढला. 'क' वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु अशी बाराखडी चाकासारखी उघडते. शाळेत जी बाराखडी पाठ केली तीच बोटाखाली आली. शिकलेल्या माणसाचं शिकलेलं वाया जाऊ न देणं, याला मी खरी हुशारी म्हणतो.

म्हणजे हे करणारी माणसं आपल्यात आहेत, आणि चांगली आहेत. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची केंद्राची मार्गदर्शिकाही २००९ पासून आहे, २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली. तरीही गावातल्या माणसाचा ऑनलाइन अर्जाचा अनुभव काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

सातबाऱ्याचंच घ्या. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची, १२ म्हणजे त्यात पीक काय. पीक पाहून नमुना १२ भरायचं काम तलाठ्याचं. ते तो कितपत शेतावर जाऊन करायचा आणि कितपत कोतवालाला विचारून ऑफिसात बसून करायचा, यावर न बोललेलं बरं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून, शेतात उभं राहून, फोटोसकट आपलं पीक आपणच नोंदवायचं. कल्पना चांगली, माझा तिला विरोध नाही. ज्याचं पीक त्याची नोंद, यात वावगं काय? पण तलाठ्याच्या टेबलावरचं एक काम शेतकऱ्याच्या हातात आलं, आणि ते आलं एका पडद्यातून. तो पडदा त्याला वापरता आला तर नोंद, नाही तर वावर पडीक.

धानाच्या जिल्ह्यात त्या नोंदीला पैशाची किंमत आहे. आधारभूत खरेदीला ऑनलाइन नोंदणी लागते, नोंदणीला सातबाऱ्यावर धान लागतं. साध्या धानाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये. त्याआधीच्या हंगामांत सरकारने नोंदणी झालेल्या शेतकऱ्याला हेक्टरी २०,००० रुपये बोनस दिला, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे ४०,००० रुपयांपर्यंतची गोष्ट. एका चुकलेल्या बटणाची किंमत पोरीच्या वर्षभराच्या फीएवढी.

आणि तो २८ लाखांचा आकडा आठवतो? २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. पानावर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता, त्यावर ओटीपी. ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिने त्या रकान्यात काय लिहायचं? गावोगाव अंगणवाडी ताईंकडे बायका हा प्रश्न घेऊन गेल्या. नंतर सरकारने अशा बायकांसाठी वेगळी सोय केली, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. चूक सुधारली, ते चांगलंच. पण १९५१ मध्ये बाईने स्वतःचं नाव सांगितलं नाही म्हणून ती यादीबाहेर गेली, आणि २०२५ मध्ये स्वतःचं नाव, स्वतःचा आधार, स्वतःचा अंगठा सगळं असूनही ती कोणाची तरी असल्याशिवाय पान पुढे सरकेना. एक विधवा बाई गृहीत धरून ते पान आखणाऱ्याच्या शेजारी बसवली असती, तर पाच मिनिटांत हे कळलं असतं.

दिवाळीचं पुढचं सांगतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लाखांदूर तालुक्यात माझ्या काकांकडे गेलो. वय ६८, चार एकर धान, भाची त्यांना आबा म्हणते. त्यांना एका सरकारी योजनेचा अर्ज भरायचा होता. कुठल्या ते लिहीत नाही, कारण गोष्ट एका पोर्टलची नाही. मी मोबाईल हातात घ्यायला गेलो तर भाचीने थांबवलं. "आबा, तुम्हीच भरा. मी फक्त बघते."

वही घेऊन ती त्यांच्या बाजूला खाटेवर बसली. वीस मिनिटं तिने एक शब्द सांगितला नाही. मला बघवत नव्हतं.

तालुका निवडायचा होता. यादीत लाखनी आणि लाखांदूर एकाखाली एक. आबांचं बोट जाड, कापून कापून घट्टे पडलेलं. लाखनी दाबलं गेलं. त्यांना ते कळलंच नाही, कारण पुढच्या यादीत त्यांचं गावच येईना. ते आपलं गाव खाली-वर शोधत राहिले. "आमचं गाव नाई का जी याच्यात?" त्यांनी विचारलं. भाचीने वहीत लिहिलं, बोलली नाही. परत मागे जाऊन तालुका बदलला तर आधी भरलेलं सगळं गेलं. मग नाव. आधारवर पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सातबाऱ्यावर जुन्या पद्धतीने, अमुक वल्द तमुक, आडनावच नाही. आपल्या भागातल्या जुन्या नोंदी अशाच आहेत, आखणाऱ्याला हे पुण्या-मुंबईत कसं कळणार? पान म्हणे नाव जुळत नाही, आणि म्हणे ते इंग्रजीत, लाल अक्षरात. आबांना वाटलं त्यांच्याकडून काही गुन्हा झाला. मोबाईल त्यांनी हळूच खाटेवर ठेवला, गरम तव्यासारखा.

शेवटी ओटीपी. तो गेला पोराच्या नंबरवर, पोरगा बुटीबोरीला कंपनीत, पाळीवर असताना मोबाईल बंद. तो फोन लागेपर्यंत पान म्हणालं, वेळ संपली.

आबा भाचीवर चिडले. "एवढी शिकली सवरली, अन् मले नुसती पाहत बसली?"

भाची म्हणाली, "आबा, तुमचं काहीच चुकलं नाही. एकदाही नाही. हे बघा, अकरा ठिकाणी पान चुकलंय." आणि वही दाखवली. आबांनी ती वही दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिली. त्यांना तिचं अक्षर वाचता आलं नसावं, पण अकरा आकडे मोजले असतील.

परत येताना गाडीत मी तिला विचारलं, तुमच्या कंपनीत असं झालं तर? ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे रोज सकाळी पहिला चहा घेताना एक तक्ता बघतो. काल किती जणांनी अर्ज उघडला, किती जणांनी पूर्ण केला, आणि सोडून गेले ते कुठल्या पानावरून गेले. एखाद्या पानावरून शंभरातले दहा जास्त गेले तरी साहेब ओरडतो. कारण माणूस गेला की आमचा धंदा गेला. हे मोजायला काही लागत नाही, सर्व्हरवर ते आपोआप उमटतं."

मग सरकारी पोर्टलच्या सर्व्हरवरही ते उमटत असेल?

"उमटत असणारच. कोणी बघतं का, ते मला माहीत नाही."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. मतदान केंद्रावर यंत्र बंद पडलं तर जिल्हा हलतो. आबांचा अर्ज बंद पडला तेव्हा खाटेवर आम्ही तिघंच होतो. एरवी तर ते एकटेच असते. बाद मतांचा आकडा जाहीर होतो, अर्धवट राहिलेल्या अर्जांचा आकडा माझ्या पाहण्यात कधी जाहीर झालेला नाही. दरवर्षी धान नोंदणीला मुदतवाढ मिळते, आमदार-खासदार मागणी करतात, आम्ही बातमी छापतो, 'शेतकऱ्यांना दिलासा'. मी स्वतः हे मथळे किती वेळा दिलेत, मोजलं तर लाज वाटेल. मुदत का वाढवावी लागली, लोक कुठल्या पानावर अडकले होते, हे मी एकदाही विचारलं नाही. मुदत वाढते, पान तेच राहतं.

ही पोकळी भरून काढतो तो ऑनलाइनवाला. प्रत्येक तालुक्याच्या चौकात त्याची टपरी आहे. त्याच्यावर माझा राग नाही, तो बिचारा लोकांची गरज भागवतो आणि त्याची मेहनत खरी आहे. पण १९५१ साली निरक्षर माणसाचं मत टाकून द्यायला कोणी दलाल बसवला नव्हता, पेटीच सोपी केली होती. आज आबांसारखा माणूस अर्ज भरायला माणूस भाड्याने घेतो.

मी काय केलं ते सांगतो. माहितीच्या अधिकारात संबंधित कार्यालयाकडे अर्ज टाकलाय, कागदावर, दहा रुपयांचं तिकीट लावून. तीन गोष्टी विचारल्यात. गेल्या हंगामात भंडारा जिल्ह्यातून किती अर्ज सुरू झाले, किती पूर्ण झाले, आणि जे अर्धवट राहिले ते कुठल्या पानावर. उत्तर आलं की इथे टाकतो. नाही आलं तर अपील करतो, आणि तेही इथे टाकतो.

तुम्हाला एक विनंती आहे. घरात आई-वडील, काका, आत्या कोणी अर्ज भरत असेल तर मोबाईल लगेच हिसकावून घेऊ नका. जरा वेळ बाजूला बसा आणि ते कुठं थांबतात ते लिहून ठेवा. सात तालुक्यांतून पन्नास-साठ जणांच्या नोंदी आल्या तर भाची त्यांची नीट यादी करून देईल म्हणाली आहे, आणि ती यादी घेऊन मी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईन. सोबत यायचं असेल त्यांनी यावं.

आबांचा अर्ज भरला गेला. दुसऱ्या दिवशी ते लाखांदूरला चौकातल्या पोराकडे गेले, त्याने दहा मिनिटांत भरून दिला, आणि ओटीपी येईपर्यंत पोरगा जेवणाच्या सुट्टीत यायची वाट पाहिली. किती घेतले म्हणून मी फोनवर विचारलं. आबा म्हणाले, "घेतले जी शंभर. पर त्यानं लाखनी नाई दाबलं."